फुकटच्या मास्टर्सला किती पैसे लागतात?

पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मुलगा किंवा मुलगी असलेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘जर्मनीत शिक्षण फुकट असतं.’ वाक्य खोटं नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सला ट्यूशन फी नसते. पण हे वाक्य ऐकून निर्धास्त झालेल्या आईवडिलांना दोनच महिन्यांत साडेबारा लाख रुपये एका खात्यात भरायला सांगतात, तेव्हा ‘मग फुकट काय?’ हा प्रश्न येतो. भाच्याच्या निमित्तानं गेल्या दोनतीन वर्षांत हा हिशेब मी इतक्यांदा मांडला आहे, की आता नातेवाईकच नव्हे, त्यांचे शेजारीही वही घेऊन येतात. एकदा नीट लिहूनच काढावा म्हटलं.

आधी दराचं बोलू. २०२५च्या उत्तरार्धात युरोनं शंभरी ओलांडली. इथे मी १ युरो म्हणजे १०५ रुपये धरतो आहे. तुमच्या वेळचा दर घालून आकडे पुन्हा काढा. बारा-पंधरा हजार युरो पाठवायचे असतील, तर एकेका रुपयाचा फरक अंगावर येतो.

ते साडेबारा लाख म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. विद्यार्थ्याकडे वर्षभर राहण्याखाण्याचे पैसे आहेत याचा पुरावा जर्मन सरकार मागतं. सप्टेंबर २०२४पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे. निघण्यापूर्वी ती भरायची आणि तिकडे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो या हिशेबानं तीच आपल्याला परत मिळते. म्हणजे ही फी नाही, अनामतही नाही. आपलाच किराणा आणि आपलंच घरभाडं आगाऊ बाजूला काढून ठेवलेलं. खात्याची सेवा देणाऱ्या कंपन्या सुरुवातीची फी आणि वर महिन्याला पाच युरोंच्या आसपास घेतात, तेवढाच काय तो खरा खर्च. व्हिसा नाकारला गेला तर रक्कम परत येते, पण जाताना एका दरानं आणि येताना दुसऱ्या दरानं. मधली घट आपली.

पैसे पाठवतानाच पहिली गळती होते. बँकेत गेलात की काउंटरवरचा माणूस दर सांगतो आणि आपण मान डोलावतो. बाजारातला दर मोबाइलवर उघडून त्याच्यासमोर धरा. दीड रुपयाचा फरक असला तरी ११,९०४ युरोंवर तो जवळपास १८ हजार रुपये होतो, आणि घासाघीस केली की दर कमी होतो. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी आपण माणसं इथे का गप्प बसतो, कोण जाणे. दुसरी गोष्ट टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते त्या कराची. १ एप्रिल २०२५पासून एका आर्थिक वर्षात एका पॅनवरून १० लाख रुपयांपर्यंत परदेशी पाठवले तर टीसीएस कापला जात नाही, त्यावरच्या रकमेवर कापतात. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर तो मुळीच लागत नाही. कापला गेला तरी विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. बुडत नाही, फक्त अडकतो. आई आणि वडील दोघांच्या खात्यांतून रक्कम विभागून पाठवली, तर बहुतेक घरांत तेही टळतं.

आता निघण्यापूर्वीचा फुटकळ खर्च. फुटकळ म्हणायचा, पण बेरीज केली की सव्वा ते दीड लाख. आयईएलटीएसला १८ हजारांच्या आसपास. एपीएस, म्हणजे आपली गुणपत्रकं खरी आहेत याचा दाखला, नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना बंधनकारक आहे. त्याची फी १८ हजार, आणि अर्ज फेटाळला गेला तरी ती परत मिळत नाही. बरीच विद्यापीठं अर्ज ‘युनि-असिस्ट’मार्फत घेतात : पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. पाच अर्ज केले की १९५ युरो, साधारण साडेवीस हजार रुपये. काही विद्यापीठं थेट आणि फुकट अर्ज घेतात, त्यांची यादी आधी करा. व्हिसाची फी ७५ युरो, वर व्हिसा केंद्राचा सेवाआकार. विमानाचं तिकीट, ट्रान्स्क्रिप्ट, कुरिअर धरून बेरीज वर म्हटली तेवढी होते. ट्रान्स्क्रिप्ट मागताना एकदम पाचसहा संच मागून घ्या. आमच्याकडे दोनच मागितले होते, आणि तिसऱ्यासाठी विद्यापीठाच्या खिडकीसमोर पुन्हा एक अख्खी सकाळ गेली.

व्हिसाच्या अर्जात हलगर्जी करू नका. १ जुलै २०२५पासून नकाराविरुद्ध वकिलातीकडेच दाद मागण्याची जुनी सोय बंद झाली. आता नव्यानं अर्ज आणि नव्यानं फी, नाहीतर जर्मनीत कोर्ट.

‘फुकट’ या शब्दाला काही अपवादही आहेत आणि ते लहान नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७च्या हिवाळी सेमिस्टरपासून दर सेमिस्टरला १,५०० युरो फी आहे. श्टुटगार्ट, कार्ल्सरूहं, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग ही सगळी नावाजलेली ठिकाणं याच राज्यात. श्टुटगार्ट १९६८पासून मुंबईचं भगिनी शहर आहे, पण बहिणीच्या घरीही चार सेमिस्टरचे ६,००० युरो, म्हणजे सहा लाख तीस हजार रुपये मोजावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं २०२४-२५च्या हिवाळी सेमिस्टरपासून मास्टर्सला सेमिस्टरमागे ४,००० ते ६,००० युरो घ्यायला सुरुवात केली. चार सेमिस्टरचे १७ ते २५ लाख, आणि वर म्युनिकचं घरभाडं. काही शिष्यवृत्त्या आणि सवलती आहेत. पण अर्ज करतानाच पदरात सवलत पडली असं समजून हिशेब करू नये.

तिसरा अपवाद खासगी विद्यापीठांचा. ‘मोफत मार्गदर्शन’ करणाऱ्या कार्यालयात गेलात आणि तिथे खासगी विद्यापीठांचीच नावं पुढे येऊ लागली, तर समजून जा. त्यांना कमिशन तिथून मिळतं. सरकारी विद्यापीठ एजंटाला दमडी देत नाही. सगळी खासगी विद्यापीठं वाईट नाहीत, पण वर्षाला आठदहा हजार युरो किंवा त्याहून जास्त भरायचे असतील, तर जर्मनी निवडण्याचं मुख्य कारणच उरत नाही. अभ्यासक्रम अर्धा ऑनलाइन असेल, तर राहण्याच्या परवान्याचं काय, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा.

खरी ओढाताण पहिल्या महिन्यात होते आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे मुलगा विमानतळावर उतरला की हातात येत नाहीत. आधी पत्ता हवा. पत्त्याची नगरपालिकेत नोंदणी हवी, तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. मग तिथलं बँक खातं, आणि मग पहिले ९९२ युरो. यात दोन ते चार आठवडे सहज जातात. खर्च मात्र त्याच महिन्यात येऊन उभे राहतात : सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क १०० ते ४०० युरो, खोली मिळेपर्यंत कुठेतरी तात्पुरतं राहणं, पहिलं भाडं, आणि ‘काउत्सिओन’, म्हणजे घराचं डिपॉझिट. ते कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या ‘काल्टमिटे’इतकं असतं. ‘काल्ट’ म्हणजे थंड : हीटिंग आणि पाणी वगळून असलेलं भाडं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात बहुधा हाच थंड आकडा असतो. खिशातून जातो तो गरम. विद्यार्थी वसतिगृहात डिपॉझिट कमी असतं, पण तिथल्या प्रतीक्षायादीत प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी नाव घालायला हवं. एकूण १,८०० ते २,००० युरो, म्हणजे दोन लाख रुपये, ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर वेगळे ठेवा आणि ते फॉरेक्स कार्डावर असू द्या. भाच्याकडे त्याच्या निम्मे होते. तीन आठवडे त्यानं मित्राच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून काढले. आईला मात्र फोनवर ‘मस्त चाललंय’.

खोली बघण्याआधी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. ‘मी सध्या परदेशी आहे, किल्ली कुरिअरनं पाठवतो’ असं सांगणारा घरमालक हा नेहमीचा ठग आहे. त्याला दरवर्षी नवं गिऱ्हाईक मिळतं.

महिन्याचा खर्च शहरावर ठरतो, विद्यापीठाच्या नावावर नाही. म्युनिकमध्ये सामायिक घरातली एक खोली सातशे-आठशे युरोंच्या खाली सहजी मिळत नाही. माग्डेबुर्ग, केम्निट्स, इल्मेनाऊ अशा पूर्वेकडच्या गावांत तीच अडीचशे ते साडेतीनशेत मिळू शकते. आपण साडेतीनशे धरू. आरोग्यविमा दीडशेच्या आसपास. हा विद्यार्थ्यांचा सवलतीचा दर तिसाव्या वर्षापर्यंतच असतो, त्यामुळे नोकरी करून उशिरा निघालेल्यांनी विम्याचा वेगळा विचार करावा. घरी स्वयंपाक केला आणि दुपारी विद्यापीठाच्या ‘मेन्सा’त जेवलं तर खाण्याचे दोनशे. फोन, सेमिस्टर शुल्काचा महिन्याचा वाटा, कपडे, अडीअडचण मिळून दीडशे. झाले ८५० युरो. शिवाय ‘रुंडफुंकबाइट्राग’ नावाचा एक प्रकार आहे : रेडिओ-टीव्हीचा १८.३६ युरोंचा मासिक आकार, घरात टीव्ही नसला तरी लागणारा. तो माणशी नसून घराला असतो, म्हणून चौघांत वाटून घेता येतो. त्याची पत्रं जाहिरात समजून कचऱ्यात टाकणाऱ्यांना पुढे साचलेलं बिल येतं.

दुसऱ्या वर्षाचं काय? ब्लॉक्ड अकाउंट पहिल्या वर्षातच संपतं. परवाना वाढवताना पुढच्या काळासाठी पैशांचा पुरावा पुन्हा द्यावा लागतो. इथे घरोघरी ‘तोपर्यंत तो पार्टटाइम करेल’ असं उत्तर तयार असतं. मार्च २०२४पासून विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. जानेवारी २०२६पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे आणि ‘मिनिजॉब’ची, म्हणजे छोट्या अर्धवेळ कामाच्या कमाईची, मर्यादा महिन्याला ६०३ युरो. म्हणजे मिनिजॉब मिळाला तरी स्वस्त शहरातसुद्धा महिन्याला अडीचशे युरो घरून लागतात. कंपनीत आठवड्याला वीस तासांचं ‘वेर्कश्टुडंट’चं काम मिळालं तर महिन्याला बाराशेच्या आसपास येतात, त्यातले ९.३ टक्के पेन्शनला जातात आणि गाडी रुळावर येते. पण अशी कामं मोठ्या शहरांत जास्त, आणि जर्मन येणाऱ्याला आधी. स्वस्त गाव निवडलं की कामाच्या संधीही कमी, हा तिढा कुणालाच पूर्ण सुटलेला नाही. माझं मत विचाराल तर निघण्याआधीचे सहाआठ महिने मॅक्सम्युलर भवनात किंवा आणखी कुठे चांगल्या शिक्षकाकडे जर्मन शिकण्यात घालवा. या सगळ्या हिशेबात वसूल होण्याची सर्वांत जास्त शक्यता त्याच खर्चाची आहे.

आणखी एक आकडा माहितीपत्रकात सापडत नाही. मास्टर्स कागदावर चार सेमिस्टरचं असतं, पण राहिलेला पेपर, इंटर्नशिप आणि थिसिस यांत अनेकांना पाच, कधी सहा लागतात. जास्तीच्या प्रत्येक सेमिस्टरचे ५,१०० युरो, म्हणजे पाच लाख पस्तीस हजार रुपये. म्हणून हिशेब तीस महिन्यांचा करा. स्वस्त शहरात राहण्याखाण्याचे २७ लाख, निघण्यापूर्वीचे दीड. यातून मुलाची जी काही कमाई होईल ती वजा. कमाई शून्य धरूनही झोप लागत असेल, तर खुशाल जा.

कर्ज घेणार असाल तर व्याजाचा आकडा तोंडी काढून बघा. साडेबारा लाखांवर दहा टक्क्यांनी वर्षाला सव्वा लाख. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं. ते दरमहा भरत राहिलात तर शेवटी डोंगर उभा राहत नाही. जुन्या करप्रणालीत असाल तर ८०ई कलमाखाली व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते. अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांनी राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात चुकवू नये.

आणि ते डिपॉझिट. घर सोडताना ते परत मिळतं, पण मालक कागद घेऊन खोलीभर फिरतो आणि करारनामा बघत भिंतीवरची भोकं मोजतो. आईनं दिलेला गणपती चिकटपट्टीवरच लावायचा. भाच्यानं खिळा ठोकला होता, ऐंशी युरो गेले.