पॅकेज पाठवण्याआधी

वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वीत बसून लिनक्सला हातभार लावू पाहणाऱ्या नव्या स्वयंसेवकाची खरी कसोटी पॅकेज बांधून झाल्यावर लागते. डेबियन या लिनक्स वितरणात त्याला थेट अपलोडचा अधिकार नसतो. त्याच्या वतीने पॅकेज चढवणारा स्पॉन्सर मिळावा लागतो, मग डेबियनचा संग्रह सांभाळणारे एफटीपी-मास्टर परवाने तपासतात. फेडोरा या दुसऱ्या वितरणातही पहिल्या पॅकेजला समीक्षक आणि स्पॉन्सर दोन्ही लागतात. बरेच दिवस उत्तर आलं नाही की अनेकांचा धीर सुटतो. त्यांना माझं सांगणं एकच: समीक्षकही बहुधा फावल्या वेळात राबणारा स्वयंसेवकच असतो, त्याचा वेळ वाचवणारं पॅकेज आधी मार्गी लागतं.

देवनागरी फॉन्टचंच उदाहरण घ्या. नुसती टीटीएफ फाइल गुंडाळून पाठवली, तर मूळ स्रोत कुठे आणि परवाना कोणता, असे प्रश्न येणारच. रेड हॅटच्या ‘लोहित देवनागरी’चे मूळ आराखडे आणि ओपन फॉन्ट परवाना दोन्ही सर्वांसमोर आहेत, तो डेबियन आणि फेडोरा दोन्हींत आहे. म्हणून कॉपीराइट फाइलमध्ये कुठल्या फाइलवर कोणाचा हक्क, हे आधी नीट लिहा. पॅकेजातल्या चुका दाखवणाऱ्या लिंटियन या साधनाचे इशारे निस्तरा. पॅकेज एसबिल्ड या साधनाच्या कोऱ्या वातावरणात बांधून पाहा, कारण आपल्या संगणकावर आधीच असलेली एखादी लायब्ररी यादीत लिहायची राहून जाते आणि ती चूक समीक्षकाकडेच उघडी पडते.

इतकी काटेकोर छाननी हवीच कशाला, असं कोणी विचारेल. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल आक्रसणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरली गेली. नवी आवृत्ती लवकर घ्या, अशी घाई अनोळखी खात्यांवरून डेबियनमध्येही केली गेली. छाननीने ती पकडली नाही, हे खरं. एसएसएच लॉगिनला लागणाऱ्या जादा अर्ध्या सेकंदावरून आंद्रेस फ्रॉइंड या विकासकाला ती सापडली. पण तोवर ती डेबियनच्या स्थिर आवृत्तीत पोचली नव्हती, कारण तिथवर जाण्याआधी बरेच टप्पे ओलांडावे लागतात. त्यामुळे समीक्षकाला रेटणं हा नुसता उतावळेपणा ठरत नाही. ज्या दबावाचा आधार हल्लेखोराने घेतला, त्याच दबावाची सवय आपण लावत असतो. नम्र आठवण मात्र जरूर करावी.

मग वाट पाहताना काय करावं? दुसऱ्यांची पॅकेजं तपासा. फेडोरात स्पॉन्सर नवख्याने केलेल्या अशा अनौपचारिक समीक्षा पाहतात. त्यातून आपल्या चुका कळतात, समीक्षकावरचा भारही हलका होतो.