कॅशला बसणाऱ्या भाचीसाठी

सोमवारपासून तू कॅश काउंटरवर बसणार म्हणतेस, तर चार गोष्टी कानाआड करू नकोस. मन एकाग्र कर असं मी सांगणार नाही. ते सांगून होत नाही. काउंटर असा लाव की मनाला भटकायला वाव कमी राहील.

काउंटर उघडण्याआधी ओला स्पंज, शिक्के, रबर बँड, पाण्याची बाटली सगळं हाताशी घे. मोबाइल पर्समध्ये नाही, लॉकरमध्ये ठेव. पर्समधला फोन थरथरला की नजर तिकडे जातेच.

टेबलावर एका वेळी एकाच माणसाची कॅश. पहिल्याच्या नोटा ड्रॉवरमध्ये गेल्याशिवाय दुसऱ्याची स्लिप हातात घ्यायची नाही. स्लिपवरची रक्कम आधी वाचू नकोस. आधी मोज, मग ताडून बघ. आकडा डोक्यात बसला की हात तोच आकडा मोजतो.

मोजताना कुणी काही विचारलं तर डावा तळहात वर कर, मान नाही. तरीही तोंडून शब्द गेलाच, तर ती गड्डी पुन्हा एकपासून. ‘बहुतेक बासष्टवर होते’ असलं कॅशमध्ये चालत नाही. आणि शंभर नोटा स्वतः मोजल्याशिवाय कागदी पट्टीवर सही करायची नाही. मशीन चालू असतानाही गप्पा नकोत. शंभराच्या गड्डीत शिरलेली पन्नासची नोट साधं मशीन मुकाट्याने मोजून टाकतं.

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनवाल्यांची रांग दारापर्यंत जाते. ‘काका, दोन मिनिटं’ एवढं मोठ्याने सांग आणि पुन्हा नोटांकडे बघ. रांगेकडे बघून हात भरभर चालतो आणि चूक तिथेच होते.

जेवणाच्या सुट्टीआधी एकदा कॅश जुळवून घे. फरक तेव्हा सापडला तर सकाळच्याच स्लिपा चाळाव्या लागतात. संध्याकाळी सापडला तर दिवसभराच्या, तेही दमलेल्या डोळ्यांनी. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, तर आकड्यांची अदलाबदल आधी शोध: ५,४०० चे ४,५०० लिहिले की ९०० चा फरक पडतो. चारशे कमी आले, तर शंभराऐवजी पाचशेची नोट गेली का ते बघ.

हळू मोजलंस म्हणून लोक कुरकुरतील, साहेबही एखाद्या वेळी बोलतील. बोलू देत. कॅश शॉर्ट आली की पैसे कॅशियरलाच भरावे लागतात, रांगेतल्या कुणाला नाही.