दोन फुटी टाकी आणि सिक्लिड मासे

व्यापारी बंधूंनो, दुकानाच्या गल्ल्याजवळ किंवा घरच्या बैठकीत माशांची काचेची टाकी ठेवण्याचा शौक आपल्यात पुष्कळांना आहे. गिऱ्हाईक दोन मिनिटे जास्त थांबते, मुले रमतात. यात गैर काही नाही. पण माल न पारखता नुसत्या रंगावर भुलून घेतला की नुकसान होते, आणि इथे पैशाबरोबर मुका जीवही जातो. आम्ही स्वतः ही चूक केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुकानासाठी २ फूट लांब, १ फूट रुंद व १ फूट उंच अशी टाकी आणली. विक्रेत्याने त्यात ऑस्करची दोन पिल्ले दिली, दोन-दोन इंचांची, आणि सोबत थोडे बारीक रंगीत मासे. "मासा टाकीएवढाच वाढतो," असे तो म्हणाला व आम्ही मान डोलावली. ऑस्कर हा दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, पूर्ण वाढ फूटभर. बारीक मासे एकेक करून त्याच्या पोटात गेले, पाणी दोन दिवसांत गढूळ होऊ लागले, एक ऑस्कर मेला आणि दुसरा आम्ही मोठी टाकी असलेल्या एका गृहस्थाला फुकट दिला. कापड धुतल्यावर किती आटेल हे ज्याने जन्मभर गिऱ्हाइकाला सांगितले, त्याने मासा किती वाढेल हे विचारू नये! टाकीत मासा खुजा राहतो तो घाण पाण्यामुळे व कोंडमाऱ्यामुळे. ती त्याची सोय नव्हे, आजार आहे.

सिक्लिड हे माशांचे मोठे कुळ आहे, दीड हजारांहून अधिक जातींचे. उजनी धरणातली चिलापी याच कुळातली. केरळात करीमीन म्हणून आवडीने खातात तो मासाही याच कुळातला, आणि आम्हा कापडवाल्यांना गंमत वाटेल, त्याच्या शास्त्रीय नावात 'सुरत' शहर आहे: एट्रोप्लस सुराटेन्सिस. या कुळाची खुबी म्हणजे आईबाप अंडी-पिल्लांची राखण करतात. पाहण्यासारखे दृश्य असते ते. पण राखण म्हटली की हद्द आली, आणि हद्द आली की मारामारी.

आता मापाचा हिशेब. वरील टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते; वाळू, दगड व वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटर धरा. एवढ्यात सिक्लिडची एकच जोडी, फार तर बुटक्या जातीची एक लहान वसाहत राहते. ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न तर नकोतच. फ्लॉवरहॉर्न हा माणसाने संकर करून बनवलेला मासा. कपाळाचा फुगा नशीब उघडतो म्हणून त्याचा भाव चढवतात. फुग्यावर भाव देऊ नये.

जात ठरवण्याआधी पाणी बघा. रंगारी बंधूंकडे पीएचची पट्टी असतेच, तिने काम भागते. बोअरचे पाणी जड असेल, साबणाला फेस येत नसेल, तर आफ्रिकेतील टांगानिका सरोवराचा शंखात राहणारा मल्टीफॅसिएटस घ्यावा. जेमतेम दोन इंचांचा मासा. तळाला वाळू व गोगलगायींचे रिकामे शंख घातले की पाच-सहा मासे संसार थाटतात. पाणी मऊ किंवा मध्यम असेल तर क्रिबेन्सिसची जोडी आमच्या मते सर्वांत सोयीची. मूळ नायजेरियाकडचा, नर चार इंच, मादी तीन. मादीचे पोट जांभळट लाल होते. नारळाची करवंटी उपडी ठेवून दार पाडून द्या, तिथेच अंडी घालतात. रॅम हा दिसायला त्याहून देखणा, पण नाजूक. त्याला २७ ते ३० अंश उबदार, मऊ आणि अगदी स्वच्छ पाणी लागते. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

टाकी भरली की लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया हे विष तयार होते. ते पचवणारे जंतू फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस चिमूटभर खाद्य टाकून फिल्टर चालू ठेवावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मारण्यासाठी हायपो, म्हणजे ब्लीचिंगनंतर कापडातला क्लोरीन काढायला वापरतात तेच सोडियम थायोसल्फेट, अगदी थोडे लागते. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे, सगळे कधीही नाही.

खरेदीला गेल्यावर विक्रेत्याला तुमच्यासमोर खाद्य टाकायला सांगा. जो मासा झेपावतो, ज्याचे पोट खपाटीला गेलेले नाही आणि पंख मिटलेले नाहीत, तो घ्यावा. पूर्ण वाढ किती इंच, हे विचारावे, आणि उत्तर टाळले तर परत फिरावे. मासा नकोसा झाला तर तलावात-नदीत मात्र सोडू नका. परका सिक्लिड तिथल्या माशांचे अन्न आणि जागा बळकावतो. विक्रेत्याने परत घेण्याचे कबूल केले तरच पैसे मोजा.