गोरेपणाचा बाजार आणि ईशपरायणतेचा निकष

लातूरची गंजगोलाई असो वा नांदेडचे वजिराबाद, सौंदर्यप्रसाधनांच्या फलकांवर बहुधा एकच चेहरा दिसतो. तो गोरा, नितळ आणि सुखवस्तू घरातील असतो. उन्हातान्हात राबणाऱ्या सावळ्या स्त्रीला तेथे स्थान नसते. असलेच तर क्रीम लावण्यापूर्वीच्या छायाचित्रात असते. गोरेपण म्हणजे सौंदर्य, सौंदर्य म्हणजे प्रतिष्ठा आणि प्रतिष्ठा म्हणजे पैसा, हाच पाठ या जाहिराती घरोघरी देत असतात.

‘फेअर अँड लव्हली’ हे क्रीम भारतात १९७५ साली आले. त्याच्या एका जाहिरातीत मुलगा नाही म्हणून हळहळणारा पिता होता. सावळी मुलगी क्रीम लावून गोरी होते, तिला हवाई सुंदरीची नोकरी मिळते आणि घराचे दिवस पालटतात. महिला संघटनांच्या विरोधानंतर २००३ मध्ये ही जाहिरात बंद झाली. सावळ्या व्यक्तीस दुःखी किंवा अपयशी दाखवू नये, असा दंडक भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये घातला. २०२० मध्ये क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्दही गेला.

नाव बदलले, पण आपल्या मनातील माप बदलले काय? स्थळाची बोलणी सुरू होताच “मुलगी गोरी आहे ना?” असे आपणच विचारतो. दीनदारी, स्वभाव आणि शिक्षण यांची चौकशी मागाहून होते. जाहिरातदार आपल्याच दुर्बलतेचा व्यापार करीत असतो.

पवित्र कुरआनने सूरह अर्-रूममध्ये माणसांच्या भाषा व वर्ण यांतील भिन्नतेला अल्लाहची निशाणी म्हटले आहे, तर सूरह अल्-हुजुरातमध्ये श्रेष्ठत्वाचा निकष केवळ ईशपरायणता (तकवा) हाच सांगितला आहे. जी अल्लाहची निशाणी आहे, तिला व्यंग कसे म्हणावे?

मस्जिदे नबवीत झाडलोट करणाऱ्या एका कृष्णवर्णीय स्त्रीचा उल्लेख हदीसमध्ये येतो. तिचे निधन झाले तेव्हा लोकांनी ती बाब किरकोळ समजून प्रेषित (स.) यांना कळविले नाही. आपण (स.) यांनी तिची विचारपूस केली, तिची कबर दाखविण्यास सांगितले आणि तेथे जाऊन नमाज अदा केली. रंग आणि दर्जा या दोन्ही मापांनी जगाने जिला लहान ठरविले, तिचा हा सन्मान होय.

इस्लाम नीटनेटकेपणा व शोभा यांस मनाई करीत नाही; सूरह अल्-आराफमध्ये त्यांना अल्लाहची देणगी म्हटले आहे. मनाई आहे ती गर्वाला आणि दुसऱ्यास हिणविण्याला.

वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी मराठवाड्यातील कितीतरी मुली लातुरात येतात. तेथील गुणपत्रिका कोणाचा वर्ण विचारीत नाही. मग आपला उंबरठा तरी तो का विचारतो? माता-भगिनींनो, पुढच्या वेळी स्थळ पाहावयास जाल, तेव्हा तो प्रश्न ओठांवर येऊ देऊ नका. आणि घरातील सावळ्या लेकीसमोर तर कधीच नको.