खरा दाखला

खारघर हे एके काळी लहान गाव होते. आता ते शहर झाले आहे. 1970 साली सिडको स्थापन झाली. नव्या मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या. जिथे भाताची खाचरे होती, तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या. खारघर, कोपरा, बेलपाडा, मुर्बी, ओवे ही जुनी गावे त्या इमारतींच्या मधोमध आजही आहेत.

2016 साली पनवेल महानगरपालिका झाली. 17 नोव्हेंबर 2023 पासून खारघरमधून मेट्रो धावू लागली. 25 डिसेंबर 2025 पासून नव्या मुंबईच्या विमानतळावरून विमाने उडू लागली.

शेती गेली. आता पोट नोकरीवर आले. कोणी सोसायटीच्या फाटकावर राखण करतो. कोणी गाडी चालवतो. कोणी दवाखान्यात काम करते. तळोज्याच्या कारखान्यांत कित्येक जण जातात. पण कुठेही जा, साहेब आधी एकच गोष्ट मागतो: “बायोडाटा आणलाय का?”

बायोडाटा म्हणजे काय?

बायोडाटा म्हणजे आपल्या माहितीचा कागद. आपले नाव काय, वय काय, शिक्षण किती, आधी कुठे काम केले, हे त्यात लिहायचे असते. साहेब आपल्याला ओळखत नसतो. तो या कागदावर विश्वास ठेवतो. म्हणून हा कागद म्हणजे आपली जबानच समजावी.

पण काही लोक या कागदावर खोटे लिहितात. सातवी शिकलेला दहावी लिहितो. सहा महिने काम केलेला सहा वर्षे लिहितो. कोणी वय कमी करतो. कोणी पैसे देऊन खोटा दाखला करून घेतो. त्याला वाटते, “कागद तर आहे, कोण विचारतंय?”

विचारणारे असतात. आणि विचारलेच पाहिजे. ते का, हे या पाठात पाहू.

खोट्यामुळे कोणाचे नुकसान होते?

समजा, एका शाळेच्या गाडीवर चालक ठेवला. त्याचा परवाना खोटा होता. गाडीत वीस मुले बसली. ती कोणाची मुले? तुमची आणि आमची.

समजा, एका दवाखान्यात परिचारिका ठेवली. तिचे प्रमाणपत्र विकत घेतलेले होते. तिने रोग्याला सुई टोचली. औषध किती द्यायचे, हे तिला ठाऊक नव्हते. पुढे काय होईल, ते सांगायला नको.

आणखी एक नुकसान आहे. ते डोळ्यांना दिसत नाही. जागा एक असते. अर्ज करणारे पुष्कळ असतात. खोटा कागद दाखवणाऱ्याला जागा मिळाली, की खरा कागद असलेला माणूस हात हलवत घरी जातो. बहुतेक वेळा तोही गरीबच असतो. रात्री दिव्याखाली अभ्यास करून तो पास झालेला असतो. खोटा दाखला त्याच्या ताटातली भाकरी ओढतो.

तपासणी कशी होते?

नोकरी देताना कागदांची खात्री करतात. तिला पडताळणी म्हणतात. ती अशी होते:

दहावी-बारावीचा दाखला परीक्षा मंडळाकडे तपासतात. रायगड जिल्ह्याचे काम मुंबई विभागीय मंडळाकडे आहे. त्याचे कार्यालय वाशीला आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचा बैठक क्रमांक आणि गुण मंडळाच्या दप्तरात असतात. छापखान्यात दाखला छापता येईल, पण मंडळाच्या दप्तरात नाव कसे छापणार?

गाडीच्या परवान्याचा नंबर परिवहन खात्याच्या संगणकात असतो. नंबर घातला की माहिती समोर येते.

परिचारिकेचे नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते.

आधीच्या कामाची खात्री दोन रीतींनी करतात. आधीच्या मालकाला विचारतात. आणि पी.एफ.चे खाते पाहतात. कामावर केव्हा लागला, केव्हा सोडले, हे त्या खात्यात कळते.

राखणदार ठेवताना पोलिसांकडून चारित्र्याची चौकशी होते. खासगी सुरक्षा संस्थांसाठी 2005 साली कायदा झाला. राखणदाराचे चारित्र्य व पूर्वीची वागणूक यांची खात्री केली पाहिजे, असे त्या कायद्यात आहे. विमानतळाच्या आत काम करायचे तर पास लागतो. तोही चौकशीशिवाय मिळत नाही.

काही लोकांना याचा राग येतो. “आम्ही काय चोर आहोत?” असे ते म्हणतात. पण बाजारात आपण गाडगे घेतो, तेव्हा टिचकी मारून पाहतोच ना? कुंभाराचा त्यात अपमान नसतो. पक्के गाडगे टिचकीला भीत नाही.

मोठ्यांनाही तपासणी चुकत नाही

तपासणी फक्त गरिबांची होते, असे समजू नका. 31 जुलै 2024 रोजी केंद्रीय लोकसेवा आयोगाने पूजा खेडकर या शिकाऊ सनदी अधिकाऱ्यांची उमेदवारी रद्द केली. त्यांनी आपले व आईवडिलांचे नाव बदलून नियमापेक्षा जास्त वेळा परीक्षा दिली, असे आयोगाचे म्हणणे होते. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारने त्यांना सेवेतून मुक्त केले. खेडकर यांनी आरोप नाकारले आणि प्रकरण न्यायालयात गेले. या प्रकरणानंतर आयोगाने 2009 ते 2023 या 15 वर्षांतल्या 15,000 हून अधिक निवडलेल्या उमेदवारांची माहिती पुन्हा तपासली.

यातून एक गोष्ट कळते. तपासणी आधीच नीट झाली, तर मागाहून एवढा खटाटोप करावा लागत नाही. कागद देणाऱ्याने खरे द्यावे. कागद घेणाऱ्यानेही डोळे उघडे ठेवावेत.

न्यायालय काय म्हणते?

कोणी म्हणेल, “एकदा नोकरी लागली, दहा वर्षे झाली, की मग कोण काढतंय?”

महाराष्ट्रात हा प्रश्न पुष्कळ वर्षे गाजला. राखीव जागांवर काही लोक लागले होते. पुढे त्यांच्या जातीचे दाखले पडताळणीत टिकले नाहीत. त्यांनी पुष्कळ वर्षे नोकरी केली होती. ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली. 6 जुलै 2017 रोजी निकाल लागला. पुष्कळ वर्षे नोकरी केली, एवढ्यावरून ती जागा राखता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. कारण ती जागा ज्याच्या हक्काची होती, त्याला ती मिळालीच नाही.

दुसरा निकाल 21 जुलै 2016 चा आहे. अर्जात पोलीस केसविषयी विचारले असेल, तर खरे सांगितले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले. पण त्याचबरोबर न्यायालयाने मालकालाही समज दिली. तरुणपणी घोषणा दिल्या किंवा असाच काही किरकोळ गुन्हा घडला, तर मालकाने विचार करून ते सोडून द्यावे. म्हणजे खरे सांगणाऱ्याला वाट असते. लपवणाऱ्याची वाट अवघड होते.

1 जुलै 2024 पासून देशात भारतीय न्याय संहिता हा नवा कायदा लागू आहे. कोणाला फसवण्यासाठी खोटा दस्तऐवज केला, तर 7 वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. दस्तऐवज दुसऱ्याने केला, पण तो खोटा आहे हे ठाऊक असून आपण वापरला, तरी करणाऱ्यासारखीच शिक्षा आहे. “मी नाही केला, एजंटाने केला,” असे म्हणून सुटका होत नाही.

भाऊ आणि बहीण

आता एक बोलणे ऐका. असे बोलणे कोणत्याही घरात होऊ शकते. भाऊ राखणदार आहे. बहीण साक्षरतेच्या वर्गाला जाते.

“बाय, एक माणूस भेटला. वीस हजारांत दहावीचा दाखला करून देतो म्हणतो. मग सुपरवायझरची जागा मिळंल.”

“दादा, तू सातवी शिकलास. दहावी कधी झालास?”

“कागदावर होईन.”

“आणि वाशीच्या मंडळात?”

“एवढं कोण बघतंय गं!”

“आज नाही बघितलं, तर पाच वर्षांनी बघतील. तवर तू कर्ज काढशील. पोरीचं लग्न ठरवशील. आणि मग एक दिवस साहेब म्हणंल, उद्यापासून येऊ नको. त्या दिवशी तो एजंट येईल का धावून?”

भाऊ गप्प बसला. मग म्हणाला, “पण मी बारा वर्षं राखण केली. एकदा रात्री चोर पकडून दिला. त्याला काहीच किंमत नाही का?”

“आहे की! तेच लिही. सातवी पास लिही. बारा वर्षं काम लिही. कुठं केलं, कोण साहेब होता, ते लिही. त्यातलं एक तरी खोटं ठरंल का?”

“नाही ठरणार.”

“मग घाबरतोस कशाला?”

भावाने तसेच लिहिले. सुपरवायझरची जागा त्याला मिळाली नाही. फाटकावरची मिळाली. पगार थोडा कमी आहे. पण आता तो बहिणीबरोबर अभ्यासाला बसतो. दहावी व्हायचे त्याने ठरवले आहे. कागदावर नाही, खरोखर.

खरी वाट कोणती?

शिक्षण सुटले, म्हणून दार बंद होत नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिच्यातून मोठी माणसेही दहावीची परीक्षा देतात. महाराष्ट्राच्या मंडळाचा 17 नंबरचा अर्ज भरून बाहेरूनही परीक्षेला बसता येते. जवळच्या हायस्कुलात त्याची चौकशी करावी.

आपले कागद आधीच नीट करून ठेवावे. पुष्कळदा खऱ्या माणसाचे कागदही अडतात. शाळेच्या दाखल्यावर नाव एक आणि आधार कार्डावर दुसरे असते. लग्नानंतर बायकांचे नाव बदलते. अशा वेळी विवाहनोंदणीचा दाखला जवळ ठेवावा. नावात फरक असेल, तर तो दुरुस्त करून घ्यावा. साहेबाने विचारायच्या आधी आपणच सांगावे.

अस्सल कागद कोणालाही देऊन टाकू नये. साहेबाला दाखवावे, नक्कल द्यावी आणि अस्सल परत घरी आणावे.

काम सोडताना मालकाकडून अनुभवाचा दाखला मागून घ्यावा. किती दिवस काम केले, ते त्यावर लिहून घ्यावे. सही आणि शिक्का पाहावा.

आपणही तपासणी करावी. “विमानतळावर चिकटवतो, आधी पैसे भर,” असे कोणी म्हणाला, तर थांबावे. त्या कचेरीत स्वतः जाऊन विचारावे. लबाडाचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही, अशी म्हण आहे ती उगीच नाही.

आणि बायोडाटा दुसऱ्याने लिहून दिला, तर सही करण्याआधी तो वाचावा. तुम्हांला आता वाचता येते. पूर्वी आपण अंगठा उठवत होतो. कागदावर काय आहे, ते दुसऱ्यालाच ठाऊक असायचे. आता तसे नाही. सहीच्या वरच्या प्रत्येक ओळीचे आपण धनी आहोत. ती ओळ खरी असावी.

शब्दांचे अर्थ

पडताळणी – कागद खरा की खोटा, याची खात्री करणे
दस्तऐवज – लेखी पुरावा असलेला कागद
उमेदवार – नोकरीसाठी अर्ज करणारा
दप्तर – कचेरीतील नोंदींचे कागद
अस्सल – मूळ, खरा
नक्कल – मूळ कागदाची प्रत

प्रश्न

1. खोट्या दाखल्यामुळे कोणाकोणाचे नुकसान होते?
2. दहावीचा दाखला खरा आहे की नाही, हे कुठे कळते?
3. भावाच्या बायोडाटात कोणत्या गोष्टी खऱ्या आणि मोलाच्या होत्या?
4. तुमचा स्वतःचा बायोडाटा पाच ओळींत लिहा. प्रत्येक ओळ वाचून स्वतःला विचारा: याचा पुरावा माझ्याजवळ आहे का?