सलालाचा दिवस, एडनच्या रात्री

दुबईहून सुवेझकडे जाणाऱ्या क्रूझवर आम्ही 2012 साली गेलो, तेव्हा सोमाली चाच्यांचा उपद्रव जोरात होता. वाटेत ओमानमधल्या सलालाला एक दिवसाचा थांबा आणि लगेच पुढे एडनचं आखात. अशा प्रवासाला निघणाऱ्यांनी विचारलं की मी हे सांगते.

1. जहाजाचं कार्ड आतल्या खिशात ठेवा. गँगवेवर ते मशीनला लावलं की पडद्यावर तुमचा फोटो येतो आणि तुम्ही बाहेर गेल्याची नोंद होते. परतल्यावर आत आल्याची. संध्याकाळी कोण यायचं राहिलंय, हे जहाजाला त्यावरूनच कळतं. नवरा-बायकोची कार्डं अदलाबदल झाली तर नोंदच खोटी ठरते. ‘चालतंय हो’ म्हणून सोडून देण्याची ही गोष्ट नाही.

2. सलालाचं बंदर कंटेनरचं. आवारात पायी फिरू देत नाहीत, गेटपर्यंत शटल बस असते. गस्तीच्या बोटींचे फोटो काढू नका. टॅक्सीचं भाडं बसण्याआधी ठरवा, परतीची वेळही.

3. दिवस मात्र मनसोक्त घालवा. रस्त्याकडेला शहाळी आणि केळ्यांचे घड टांगलेले स्टॉल दिसले आणि मला थेट कोकणात आल्यासारखं वाटलं. अल बलीदचे अवशेष जरूर बघा. लोबानाच्या व्यापारावर वाढलेलं हे जुनं बंदर 2000 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. हाफाच्या बाजारात दुकानदारीण निखाऱ्यावर एक खडा टाकून दाखवते. हिरवट झाक असलेला पारदर्शक खडा उत्तम, पिवळा-तपकिरी त्याखालचा. लोबान खुशाल घ्या, पण केबिनमध्ये जाळू नका. धुराची घंटा वाजते. आणि ओमानी खंजर घेतलात, तर बॅगेच्या एक्स-रेमध्ये तो दिसणारच. आमच्या मागच्या गृहस्थांचा काढून घेतला, पावती दिली, प्रवास संपताना परत केला. त्यांनी बराच वाद घातला. मला तो मुळीच पटला नाही.

4. हातात साधं घड्याळ असू द्या, जहाजाच्या वेळेला लावलेलं. मोबाइल किनाऱ्यावरच्या नेटवर्कची वेळ दाखवतो, आणि जहाजाची वेळ तीच असेल असं नाही. ‘ऑल अबोर्ड’ म्हणजे सुटण्याची वेळ नव्हे. ती त्याच्या आधीची.

5. सलाला सोडलं त्या रात्रीपासून बाहेरचे दिवे बंद. अंधार पडला की बाल्कनीत जायचं नाही, पडदे पूर्ण ओढायचे. आमच्या मजल्यावर काम करणारा मुलगा गुहागरकडचा होता. पडद्याच्या दोन पाखांमधली बोटभर फट त्याने चिमट्याने बंद केली आणि म्हणाला, “काकू, एवढ्याशा उजेडानेसुद्धा लांबून बोट दिसते हां.” कठड्याला आगीचे होज बांधलेले होते, तोंडं खाली समुद्राकडे. शिडी लावून कोणी चढू लागला, तर पाण्याच्या माऱ्याने त्याला वर येणं मुश्कील व्हावं म्हणून. एका कोपऱ्यात परातीएवढं ध्वनियंत्र. त्याच्या कर्कश आवाजापुढे जवळ आलेल्या माणसाला टिकाव धरणं कठीण.

6. हे दिखाऊ नसतं. 5 नोव्हेंबर 2005 ला सोमालियाच्या किनाऱ्यापासून दूर ‘सीबोर्न स्पिरिट’ या क्रूझवर चाच्यांनी बंदुका आणि रॉकेटं डागली. तिथल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांनी असंच ध्वनियंत्र आणि पाण्याचा होज वापरून त्यांना थोपवलं. त्यातले सोम बहादूर गुरुंग जखमी झाले, पण एकही चाचा जहाजावर चढू शकला नाही. क्रूझचा वेग आणि उंच बाजू हेच तिचं मोठं संरक्षण, बाकी सगळं त्याला जोड.

7. चाच्यांच्या हल्ल्याचा सराव टाळू नका. आमच्या इथे घोषणा झाली की बाहेरच्या बाजूच्या केबिनमधल्यांनी आतल्या पॅसेजमध्ये यायचं, दार लावायचं, खाली बसून कठडा धरायचा. हल्ला झालाच तर कॅप्टन जहाज झपाट्याने डावी-उजवीकडे वळवतो. उभा माणूस पडतो. काच आणि आपण यांच्यामध्ये एक भिंत हवी, एवढंच त्यामागचं कारण. सराव चालू असताना काही जण खिडकीतून व्हिडिओ काढत होते. त्यांच्यासाठी कर्मचाऱ्यांना तिथे थांबावं लागलं, याचा मला खरोखर राग आला.

8. रात्री डेकवर दुर्बीण घेऊन जागणाऱ्यांचा विचार करा. जगभरच्या जहाजांवर रत्नागिरीची, सिंधुदुर्गाची, गोव्याची पोरं आहेत. दिवसाची ड्युटी संपवून पहाऱ्याला उभ्या राहणाऱ्या मुलाला पहाटे कॉफीच्या मशीनपाशी रांगेतला आपला नंबर द्या. भारतीय नौदलही 2008 पासून एडनच्या आखातात व्यापारी जहाजांना सोबत करतं. तिथेही आपलीच माणसं आहेत.

9. मार्ग बदलला तर भांडू नका. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथी बंडखोरांनी व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केल्यावर अनेक क्रूझ कंपन्यांनी सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. बुकिंग करतानाच करारातलं मार्गबदलाचं कलम वाचा, कुठलं बंदर गळलं तर कोणते पैसे परत मिळतात ते विचारा, आणि किनाऱ्यावरची सहल बाहेरच्या एजंटाकडून घेतली असेल तर तिचे नियम वेगळे विचारा.