पिंपातला धूर आणि मामाची भुवई

भाचेबुवा, परवा तुझ्या आईचा फोन आला. म्हणाली, पोराला अंगणात पिंप आणून ठेवायचंय, त्यात मटण शिजवणार म्हणतोय, तू जरा सांग त्याला. सांगतो. माझी निम्मी हयात चाकणच्या एमआयडीसीत पत्रा कापण्यात आणि जोडण्यात गेली, आणि रविवार राजगुरुनगरच्या घरामागं पिंपाच्या भट्टीशी झटण्यात. या कामात करता येतील त्या बहुतेक चुका मी करून ठेवल्यात; तू नव्या शोध.

तसं हे काही परकं नाही. वांग्याच्या भरताला आपण कोळशाची धुरी देतोच. रायगडात मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून पोपटी लावतात. पिंप हे त्यांचंच लांबचं भावंड. निखारा तळाशी, मटण वर आणि मध्ये मोकळी हवा. सगळा खेळ त्या हवेचा.

१. पिंप घेताना त्याचा मागचा जन्म विचार – आपल्या पट्ट्यात भंगारात येणारी पिंपं थिनर, कूलंट, नाही तर कसलं तरी केमिकल पिऊन आलेली असतात. स्थळ बघताना घराणं विचारतो, तसंच. भंगारवाला ‘काय नव्हतं त्यात’ म्हणाला, तर काही तरी होतं असं समज.

२. मिळालं तर आंब्याच्या पल्पचं, झाकण आणि रिंग असलेलं दोनशे लिटरचं घे – पल्प आत पिशवीत असतो, पत्र्याला लागत नाही, आणि अख्खं तोंड उघडत असल्यानं कापाकापी वाचते. झाकणातलं रबर मात्र आधी उपटून फेक.

३. दोन बुचांचं बंद पिंप ग्राइंडरनं कापायला घेऊ नकोस, धुतलेलं असलं तरी – तळाशी राहिलेल्या चमचाभर थिनरची वाफ आणि एक ठिणगी, एवढ्यात पिंप बॉम्ब होतं. भरल्या पिंपाला भ्यावं, रिकाम्याला दुप्पट भ्यावं. माझी डावी भुवई उजवीपेक्षा विरळ का, ते तू लहानपणी विचारायचास ना? ते उत्तर हे. माझं नशीब की पिंप माझ्याकडं नाही, भिंतीकडं तोंड करून फुटलं.

४. आतला तपकिरी किंवा सोनेरी लेप म्हणजे गंज नव्हे – तो डब्याच्या आतल्यासारखा थर असतो आणि चिवट असतो. शक्यतो लेप नसलेलं, नुसत्या उघड्या पत्र्याचं पिंपच घे.

५. पुढं सांगतो ती भोकं पाडून झाली की एकदा रिकाम्या पिंपात लाकडाची दणदणीत होळी कर, बाहेरचा रंग सुटून पांढुरका पडेपर्यंत – रंग जेवणाआधी जळालेला बरा, जेवणासोबत नको. हे शेजारणीचं वाळवण उचललेलं बघून कर आणि स्वतः वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा राहा.

६. मग वायर ब्रशनं लख्ख घास. रंग फक्त बाहेरून, सायलेन्सरला मारतात तो उष्णता सोसणारा – आतून रंगाची नाही, तेलाची गरज असते.

७. जीआयचा पत्रा, जाळी, तार, काही आत जाऊ देऊ नकोस – जस्त जास्त तापलं की पांढरा धूर सोडतं. बंद शेडमध्ये जीआय पाइप वेल्ड करून मी एकदा रात्रभर हुडहुडीनं कुडकुडलोय. मटणावर तो मसाला नको. जाळी आणि बोल्ट स्टेनलेसचे घे, दोन पैसे जातील तर जातील.

८. हवेची भोकं तळापासून दोन इंचांवर, तीन किंवा चार, पाऊण इंची निपल बसेल एवढी – त्याखाली घेतलीस तर राखेनं बुजतात. एकाला बॉल व्हॉल्व्ह, बाकीच्यांना कॅप. पाइप काळाच आण.

९. जाळीसाठी बोल्ट वरच्या काठापासून सात इंच खाली, आणि जाळी निखाऱ्याच्या टोपलीच्या तळापासून दोन फूट वर – जवळ आणलीस तर ती भट्टी नव्हे, तवा.

१०. टोपली एक्सपांडेड जाळीची, चौदा-पंधरा इंच रुंद, खाली तीन इंचांचे पाय, आणि पायांखाली जुनी परात – राखेला बसायला जागा हवी, नाही तर ती विस्तवाच्याच मानगुटीवर बसते.

११. झाकणाला अर्ध्या इंचाची आठ भोकं पाड आणि मटण शिजत असताना ती उघडीच ठेव – धूर कोंडला की कडवट होतो. ताबा खालून, वाट वरून.

१२. मटण ठेवण्याआधी आतून शेंगदाण्याच्या तेलाचा बोळा फिरव आणि तीन-चार तास नुसताच धूर दे – बिडाच्या तव्यासारखंच आहे, काळं पडलं की गंज लागत नाही.

आता लाकडाचं बोलू. तू कंपनीतून पॅलेटच्या फळ्या आणणार, हे मला ठाऊक आहे, कारण मीही आणल्या होत्या. चाकणमध्ये पॅलेट फुकट आणि तेच त्याचं आमिष. बाहेरदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह असलेला शिक्का असतो. त्यात ‘एमबी’ अक्षरं असली तर लाकडाला मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, म्हणजे कीड मारायचं विष. ‘एचटी’ म्हणजे नुसतं तापवलेलं. पण एचटीवर आधी काय सांडलं होतं ते शिक्का सांगत नाही, आणि पाइनचं लाकूड राळेनं काजळी धरतं. थोडक्यात, पॅलेटचं स्टूल कर.

१३. धुरासाठी आंबा, पेरू, चिंच किंवा बाभळीचं वाळलेलं लाकूड घे – निलगिरीनं मटणाला वाफाऱ्याचा वास येतो आणि कडुनिंबाचं नाव काढू नकोस. प्लायवूड आणि रंगवलेलं फर्निचर तर स्वप्नातही नको.

१४. मुठीएवढे तीन-चार तुकडे पुरतात, आणि ते भिजवू नकोस – ओलं लाकूड आधी पाणी सोडतं, मग धूर.

१५. टोपली काळ्या कोळशानं भर आणि वरून दहा-बारा पेटते निखारे ठेव – आगीला वरनं वाढलं की ती सावकाश जेवते. सगळाच कोळसा पेटवून घातलास तर दोन तासांत पंगत उठली.

१६. रॉकेल, पेट्रोल, डिझेल नाही. चार कागद आणि नारळाची शेंडी बास – रॉकेलचा वास शेवटच्या घासापर्यंत साथ देतो.

१७. तापमानाचा काटा ११० ते १३५ अंशांमध्ये ठेव आणि चढतानाच, १०० झाले की, व्हॉल्व्ह आवळायला लाग – एकदा तापलेलं पिंप खाली यायला माहेराहून निघणाऱ्या लेकीपेक्षा जास्त वेळ लावतं.

१८. नवा काटा उकळत्या पाण्यात तपास – आपलं राजगुरुनगर समुद्रापासून बरंच उंच, तेव्हा ९८ च्या आसपास दाखवला तर काटा शहाणा, उगाच बदलायला नेऊ नकोस.

१९. ढगासारखा पांढरा धूर असेपर्यंत मटण बाहेरच ठेव. जेमतेम दिसणारा निळसर धूर आला की आत ठेव – दाट धूर डोळ्यांना, पातळ धूर जिभेला.

२०. झाकण उघडायचं तर बाजूला उभं राहून, हळू – आत हवा शिरली की निखारा भडकतो. आणि सारखं उघडू नकोस. झाकण उघडणाऱ्याची कोंबडी उद्या शिजते.

२१. चरबी पेटली तर पाणी ओतू नकोस. झाकण लाव, खालची-वरची सगळी भोकं बंद कर – पाण्यानं तेलाचा भडका उडतो, हवेविना तो आपोआप मरतो. शेजारी वाळूची बादली असू दे, कडब्याची गंजी नसू दे.

२२. पावसाची भुरभुर आली म्हणून पिंप पडवीत, पार्किंगमध्ये किंवा शेडमध्ये ओढू नकोस – निखाऱ्याच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस नुसता पेंगुळतो आणि उठत नाही. हे मी हसत सांगत नाहीये.

२३. ब्रॉयलरच्या तंगड्यांपासून सुरुवात कर, दीड-दोन तासांत होतात. आत ७४ अंश दिसले की काढ – रंगावर जाऊ नकोस, धुरानं मांस शिजूनही गुलाबी राहतं. गावरान कोंबडी मात्र रश्श्यातच बरी. पिंपात तिची चप्पल होते.

२४. बोकडाच्या फऱ्याला आदल्या रात्री मीठ लाव. दोन तास धूर खाल्ला की केळीच्या पानात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळून परत ठेव – आपल्या बोकडाला चरबी बेताची, उघडा ठेवलास तर वाळतो.

२५. जाळीच्या कडेला चाकणचे कांदे सालीसकट ठेवत जा – तुझी आजी मटण खात नाही आणि तिला विसरलास तर पिंप अंगणात राहायचं नाही.

२६. काम झालं की सगळी भोकं बंद – उरलेला कोळसा विझतो आणि पुढच्या रविवारी चालतो.

२७. राख दुसऱ्या दिवशी, हात लावून गार असल्याची खात्री करून, लोखंडी घमेल्यात काढ – प्लॅस्टिकच्या पाटीला भोक पडलं की कळतं निखारा जागा होता.

२८. पण काढच. माझं पहिलं पिंप आगीनं नाही, राखेनं मेलं. आषाढात तसंच ठेवलं, राखेनं ओल ओढली आणि गणपतीपर्यंत तळ चाळणीसारखा झाला – भिजलेली राख पत्रा खाते. तेव्हापासून पिंप चार विटांवर, गार झाल्यावर झाकलेलं, आणि जूनच्या आधी आतून तेलाचा एक हात.

२९. पहिल्या दिवशी पाहुणे बोलावू नकोस, मला बोलाव. येताना मीठ-मसाला माझा, बोकड तुझा. आणि माझा वायर ब्रश शोधून ठेव, गेल्या दिवाळीपासून तुझ्याकडंच आहे.